प्रस्तावना : वाचलेल्यांचीही नोंद

ग्रामीण महाराष्ट्रात एका उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकवस्ती असते. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर त्या उपकेंद्राच्या हद्दीत वर्षाला ७५ बाळंतपणे होतात. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, म्हणजे सुमारे ३,००० जन्मांमागे एक. या सरासरीने त्या उपकेंद्रात ४० वर्षांत एक मातामृत्यू होईल. एका आरोग्यसेविकेची सगळी नोकरी त्यात संपून जाते. ३०,००० वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा-सात वर्षांतून एक. तोवर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झालेली असते. आणि सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या वाशिम जिल्ह्यात, राज्याचीच सरासरी लावली तर, वर्षाला सहा.

२००४-०६ मध्ये राज्याचा हा दर १३० होता. तो ३३ वर आला त्यामागे दवाखान्यात होऊ लागलेली बाळंतपणे, १०८ ची गाडी, रक्तपेढ्या आणि आशाताईंची पायपीट आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण मृत्यू जसजसे विरळ होतात, तसतसे केवळ मृत्यूंवरून शिकणे अवघड होत जाते. सहा मृत्यूंच्या सहा तऱ्हा असतात. एकीला झटके आलेले असतात, एकीचा रक्तस्राव थांबलेला नसतो, एक वाटेतच गेलेली असते. माता मृत्यूंचे अन्वेषण करणारी समिती प्रत्येक फाइल उघडते आणि ते व्हायलाच हवे. मात्र सहा फाइलींवरून सातवी बाई कशाने धोक्यात येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या वर्षी चार मृत्यू झाले किंवा नऊ झाले, तर त्यात कामाचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, हेही उमगत नाही.

या अडचणीवर जगभर जे उत्तर शोधले गेले, त्याची ओळख करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. हजारो, लाखो बाळंतपणांच्या नोंदी एकत्र आणायच्या आणि गंभीर गुंतागुंत कुणाला होते, केव्हा होते, कुठे होते आणि त्यातून कोण कशामुळे वाचते, हे त्यांतून शोधायचे. माझे म्हणणे असे की, अशा मोठ्या माहितीसंचाची गरज मोठ्या शहरांपेक्षा वाशिमसारख्या लहान जिल्ह्याला अधिक आहे, कारण त्याचे एकट्याचे आकडे बोलण्याइतके मोठे कधीच होत नाहीत. मात्र त्या संचात दगावलेल्यांबरोबर वाचलेल्या बायांचीही नोंद असली पाहिजे, आणि ज्या उपकेंद्रातून माहिती वर गेली तिथे ती उत्तर होऊन परत आली पाहिजे.

बाळंतपणातली मोठी संकटे मोजकी आहेत, पण प्रत्येकाची चाल वेगळी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तासा-दोन तासांत जीव घेऊ शकतो. वाढलेला रक्तदाब आठवडेच्या आठवडे काही न जाणवू देता चढत राहतो आणि मग हातापायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि शेवटी झटके, असा पुढे येतो. जंतुसंसर्गाचा ताप पुष्कळदा बाळंतीण घरी गेल्यावर येतो. अडलेली बाई वेळेत मोकळी झाली नाही, तर गर्भाशय फाटण्याची भीती असते. सिझेरियनचे प्रमाण वाढल्यापासून आणखी एक संकट डोके वर काढते आहे. आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर वार रुतून बसते आणि बाळ बाहेर आल्यावर सुटत नाही. या सगळ्यांना साथ मिळते ती रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आढळला होता. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातवर आले आहे, तिला दुसरी सहज सोसेल एवढा रक्तस्रावही झेपत नाही.

या संकटांतून बहुतेक बाया वाचतात. कुणाला सहा-सहा पिशव्या रक्त द्यावे लागते, कुणाची गर्भपिशवी काढावी लागते, कुणी अतिदक्षता विभागात काही दिवस व्हेंटिलेटरवर काढून बाळाकडे परतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये अशा मरणाच्या दारातून परतलेल्या मातांसाठी निकष ठरवले. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या पडताळणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिकण्याच्या दृष्टीने या बायांची नोंद अमोल आहे. एक तर त्या संख्येने दगावलेल्यांहून पुष्कळ अधिक असतात. दुसरे म्हणजे त्या स्वतः सांगू शकतात. घरून किती वाजता निघालो, गाडी कुणी आणली, पहिल्या दवाखान्यात किती वेळ बसून राहिलो, पुढे जा असे कुणी आणि का सांगितले. थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले होते: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तिथवर पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. दगावलेल्या बाईच्या बाबतीत हे उशीर नातेवाइकांच्या आठवणींतून जोडावे लागतात. वाचलेलीकडून ते सरळ कळतात.

बायांनाच विचारून शिकण्याची ही वाट वाशिमच्या विदर्भाला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूतांकडून घरी होणाऱ्या बाळंतपणांची नोंद ठेवली. ७७२ बाळंतिणींच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक, ५२.६ टक्के बायांना बाळंतपणात किंवा नंतर काही ना काही त्रास झाला होता, आणि १५.३ टक्के बायांना तातडीच्या प्रसूती उपचारांची गरज पडण्यासारखी स्थिती होती. दवाखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात हे दिसले नसते, कारण या बाया दवाखान्यात आल्याच नव्हत्या. दारात जाऊन विचारल्याशिवाय आजाराची खरी मोजदाद होत नाही, हा धडा त्या ७७२ नोंदींनी घालून दिला. आज बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होत असली, तरी बाळंतीण लवकर घरी येते आणि पुढचे चाळीस दिवस घरातच काढते. तिथला धोका अजूनही दवाखान्याच्या कागदावर सहसा उतरत नाही.

याच वाटेवरचे पुढचे पाऊल नागपूरला पडले. तिथल्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि त्यांचे सहकारी, तसेच बेळगावचे केएलईचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, हे ग्लोबल नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्याचे भाग आहेत. या जाळ्याच्या माता-नवजात नोंदवहीत ठरलेल्या भागातली प्रत्येक गरोदर बाई शक्य तितक्या लवकर नोंदवायची आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत तिचा माग ठेवायचा, असा नियम आहे. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले, खाजगीत झाले की घरी, याने नोंद तुटत नाही.

असे जाळे हाताशी असले की काय साधते, याचे एक उदाहरण देतो. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्या जणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज अगदी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली आणि निम्म्या जणींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मुदतीपूर्वी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले होते. शंभरात दीड बाईचा फरक. कितीही अनुभवी डॉक्टर असो, आपल्या ओपीडीत बसून त्याला हा फरक जन्मभरात दिसणार नाही. तो दिसायला बारा हजार बाया लागतात, आणि एकदा दिसला की लाखो बायांच्या कामी येतो. (कुणी आपल्या मनाने ही गोळी सुरू करू नये. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.)

बेळगावकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. बाळंतपणात किती रक्त गेले, हे आपल्याकडे वर्षानुवर्षे नजरेने ठरवत आले आणि नजर नेहमी कमीच सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या अभ्यासात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरली गेली. रक्त तिच्या निमुळत्या टोकात जमते आणि किती मिलिलिटर झाले ते वाचता येते. या मोजमापाच्या आधारे, आरोग्यसेविकांनी हाताळलेल्या १,६२० बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ मध्ये सिद्ध झाले. मोजण्याचे साधन सुधारले म्हणून औषधाचा गुण कळला. नोंदी कितीही जमवल्या, तरी मोजणे कच्चे असेल तर त्यातून मिळणारे उत्तरही कच्चेच राहते.

नोंदी एकमेकींना जोडल्या की काळाचीही सीमा ओलांडता येते. नॉर्वेत १९६७ पासून देशातल्या प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते आणि ती नागरिकाच्या कायम क्रमांकाशी जोडलेली असते. तिथल्या संशोधकांनी सहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ज्या बायांना गरोदरपणात रक्तदाबाचा गंभीर आजार झाला आणि मुदतीआधी बाळंत व्हावे लागले, त्यांचा पुढे हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका असा आजार न झालेल्या आणि पूर्ण मुदतीत बाळंत झालेल्या मातांच्या तुलनेत सुमारे आठपट निघाला. हा निष्कर्ष २००१ चा. गरोदरपणातला रक्तदाब बाळंतपणाबरोबर संपला, अशी जी समजूत आहे ती या जोडणीने मोडीत काढली. आपल्याकडे अशा बाईला चाळिशीत रक्तदाब तपासायला कुणी बोलावते का? तिची ती जुनी नोंद तोवर कुठे असते?

आता वाशिमकडे येऊ. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला आणि तेव्हापासून आरोग्याचे आकडे दर महिन्याला वर पाठवले जाऊ लागले. माहितीची इथे वानवा नाही. २००८ पासूनच्या एचएमआयएस या आरोग्य माहिती प्रणालीत प्रत्येक संस्थेचे मासिक गोषवारे आहेत. माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर प्रत्येक गरोदर मातेची स्वतंत्र नोंद आहे. १०८ कडे कोणत्या गावातून किती वाजता फोन आला, याची वेळ आहे. रक्तपेढीच्या रजिस्टरात कुणासाठी किती पिशव्या गेल्या ते आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची प्रकरणे आहेत आणि जन्म-मृत्यू नोंदणी तर १९६९ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. सगळे आहे, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. किती जणींच्या चार तपासण्या झाल्या हे गोषवाऱ्यातून लगेच कळते. तिसऱ्या तपासणीत जिचा रक्तदाब वाढलेला निघाला, तिचे पुढे काय झाले, हे मात्र त्यातून कळत नाही.

नोंदी जोडणे आपल्याकडे अवघड का आहे, हे घरातल्या कुणालाही सांगता येईल. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सून सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदवते, सातव्या महिन्यानंतर ओटी भरून माहेरी जाते आणि बाळंत तिसऱ्याच गावच्या दवाखान्यात होते. माहेरच्या कागदावर वडिलांचे नाव लागते, सासरच्या कागदावर नवऱ्याचे. कित्येक घरांत लग्नात तिचे स्वतःचे नावही बदललेले असते. एकाच बाईच्या दोन बाया होतात. एक बाळंतपणाआधी नोंदीतून गळते आणि दुसरी आधीचा काही इतिहास नसताना एकदम प्रसूतिगृहात उगवते. त्यात गुंतागुंत झाली की जिल्ह्याची हद्दही आडवी येते. मालेगावकडची बाई मेडशी-पातूरच्या रस्त्याने अकोल्याला जाते, कारंज्याची अमरावतीला, मानोऱ्याची यवतमाळकडे. ती वाचली, तर तिच्या वाचण्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात राहते आणि वाशिमला कळतच नाही. हंगामी कामासाठी घरदार घेऊन बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची तर दोन्हीकडची नोंद अर्धवट राहते. म्हणून आरसीएच क्रमांक किंवा आभा हा आरोग्यओळख क्रमांक बाईबरोबर फिरला पाहिजे, माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असले पाहिजे आणि जिथे बाळंतपण होईल तिथे पहिल्यांदा तो क्रमांक विचारला गेला पाहिजे. एवढी शिस्त आली, तर कोणतेही नवे यंत्र न घेता अर्धे काम होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातल्या गंभीर प्रकरणांचा आणि त्यांच्या नोंदींचा अभ्यास आता इथेच व्हावा, ही अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते.

नोंदीच्या खरेपणाबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. गरोदर मातांच्या नोंदवहीतले एखादे पान उघडून रक्तदाबाचा रकाना वरून खाली वाचत जावा. १२०/८०, ११०/७०, १२०/८०, १२०/८०, ११०/७०. सुबक अक्षरात, एका ओळीत. खऱ्या बायांचे खरे रक्तदाब असे शून्यावर संपत जात नाहीत. ११८/७६ येतो, १३४/८८ येतो. जगभरच्या नोंदवह्यांत आकडे गोल करण्याची ही सवय आढळते. कधी यंत्राची बॅटरी संपलेली असते, कधी लसीकरण सत्राच्या गर्दीत एकटी आरोग्यसेविका पंचवीस बाया तपासत असते आणि संध्याकाळी तिलाच पोर्टलवर माहिती भरायची असते. दोष तिच्या माथी मारून काही हाती लागणार नाही. पण १३४/८८ चा १२०/८० झाला की ज्या बाईला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवायचे होते, ती त्या रकान्यात हरवते. अशी लाखभर पाने संगणकात गेली, तरी संगणक तिला शोधून काढू शकत नाही. चांगले चालणारे रक्तदाब यंत्र, डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर आणि नोंद करायला पुरेसा वेळ, ही मोठ्या माहितीसंचाची पहिली गुंतवणूक आहे.

त्याचप्रमाणे, आकडा वाढला म्हणजे काम बिघडले, असे धरून बैठकीत कुणाला उभे करण्याची पद्धत थांबली पाहिजे. ज्या तालुक्यात गुंतागुंतीची नोंद नीट होऊ लागते, तिथले आकडे आधी वाढणारच. त्या वाढीची शिक्षा मिळाली, तर पुढच्या महिन्यात नोंदच होणार नाही. मातामृत्यू अन्वेषणात कुणाला दोषी ठरवण्यासाठी चौकशी नसावी, हे तत्त्व मान्य झालेले आहे. वाचलेल्यांच्या पडताळणीला तेच लागू आहे.

संगणकाच्या साहाय्याने धोका आधीच ओळखण्याच्या पद्धतींवर या पुस्तकात सविस्तर लिहिले आहे. त्या वाचताना एक भान ठेवावे. ज्या बायांच्या माहितीवर सूत्र बेतले, त्यांच्यासारख्या बायांनाच ते नीट लागू पडते. गर्भाचे वय ठरवण्याची आपल्याकडे वापरात असलेली सूत्रे पाश्चात्त्य देशांतल्या मातांच्या मापांवरून आली होती. गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून चाललेल्या गर्भिणी अभ्यासातील मातांच्या माहितीवरून भारतीय बायांसाठीचे सूत्र तयार झाले, तेव्हा आधीच्या अंदाजांतली चूक बरीच कमी झाली. विदर्भातल्या, सिकलसेल असलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या, कमी वजनाच्या बाईसाठी कोणते सूत्र चालते, हे विदर्भातल्या नोंदींवरच तपासावे लागेल. शिवाय धोका ओळखणे ही निम्मी गोष्ट झाली. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत गावपातळीवर रक्तदाबाचा आजार शोधून उपचार सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत एकूण परिणामात ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्या बायांची तपासणी आठ किंवा अधिक वेळा झाली होती, त्यांच्यात लाभाची चिन्हे होती. मोबाइलवर धोक्याची लाल खूण उमटली, पण पुढे भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, रात्री गाडी नाही, तर त्या खुणेचा बाईला काय उपयोग?

खाजगीपणाचा प्रश्न गावात शहराहून नाजूक असतो. यादीतून नाव काढले की ओळख मिटते, हे मोठ्या शहरात खरे असेल. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर 'वय ३६, पाचवे बाळंतपण, पिशवी काढली' एवढे तीन तपशील पुरेसे होतात. सगळ्या तांड्याला ती कोण हे कळते. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तरी खरी राखण माहिती हाताळणाऱ्यांच्या वागण्यातच होणार आहे. गावाचे नाव गाळून तालुका लिहावा, नेमके वय न देता वयोगट द्यावा, आणि बाईला तिच्या भाषेत, घाई न करता विचारावे की तुझी माहिती अभ्यासासाठी वापरू का? ती नाही म्हणाली, तरी तिच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये.

हे पुस्तक संशोधकांसाठी आहे, तसे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसाठी, आरोग्यसेविकांसाठी, पत्रकारांसाठी आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांसाठीही आहे. पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येकाने एक प्रश्न जवळ ठेवावा: यातून निघालेले उत्तर माझ्या उपकेंद्रात कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर येणार? दर तिमाहीला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पान परत मिळाले पाहिजे. तुमच्याकडच्या किती जणींना गंभीर गुंतागुंत झाली, कोणत्या टप्प्यावर उशीर झाला, शेजारच्या तालुक्यात काय केल्याने फरक पडला, एवढे त्यात असावे. ते पान आशाताईंच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचले जावे आणि पुढच्या बैठकीत काय बदलले हे विचारले जावे. अहवाल वर पाठवण्याची आपल्याला सवय आहे. आता तो खाली मागण्याची सवय लावून घेऊ. आकडे ज्या बायांच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगांतून गोळा झाले, त्यांच्या लेकीसुनांच्या बाळंतपणात ते उपयोगी पडणे, हाच त्या बायांचा पहिला हक्क आहे.